वेदनाशामक गोळ्या, पोटातला अल्सर आणि बियांचे उपाय : काय करावं आणि कोणत्या क्रमानं

जवसाचं पाणी प्यायलं की पोटातली आग शमते, हा अनुभव खरा आहे. पण त्या पाण्यानं गोळ्यांमुळे होणारा अल्सर टळतो का, हा प्रश्न वेगळा. या दोन गोष्टींची गल्लत महागात पडते, आणि ती मी जवळून पाहिली आहे. माझी मावशी गुडघेदुखीसाठी रोज गोळी घ्यायची आणि पोट सांभाळायला सकाळी अनशापोटी मेथीदाण्यांचं पाणी प्यायची. पोट दुखतंय, जळजळतंय अशी तक्रार तिनं कधीच केली नाही. एके दिवशी उभ्या उभ्या चक्कर येऊन ती खाली बसली. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की चार दिवसांपासून शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. एंडोस्कोपीत, म्हणजे घशातून नळी घालून आत पाहिल्यावर, जठरात अल्सर निघाला.

मावशीचं मेथीचं पाणी चुकीचं नव्हतं. त्याच्या आधी ज्या दोन गोष्टी व्हायला हव्या होत्या, त्या झाल्या नव्हत्या. म्हणून इथं बियांचे उपाय येतील, पण त्यांच्या जागी, म्हणजे तिसऱ्या पायरीपासून पुढे.

गोळी पोटात काय करते

जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की ते मांस पचवतं. तरी ते जठराच्या भिंतीला खात नाही, कारण भिंतीवर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, त्या थरात आम्ल मारणारं बायकार्बोनेट झिरपत असतं, आणि खाली भरपूर रक्तपुरवठा असतो, त्यामुळे बारीक खरचटलेलं लगेच भरून येतं. हा सगळा बंदोबस्त प्रोस्टाग्लॅन्डिन नावाच्या रसायनांच्या हुकमावर चालतो. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन या गोळ्या नेमकी ही प्रोस्टाग्लॅन्डिनच बनू देत नाहीत. सांध्यात ती कमी झाली की सूज आणि दुखणं कमी होतं. जठरात कमी झाली की पहारा उठतो. हे १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या जठरात डोकावून लाल, रक्ताळलेलं अस्तर डॉक्टरांनी पाहिलं होतं ते मात्र त्याच्याही बरंच आधी, १९३८ मध्ये.

यातली कळीची गोष्ट अशी, की गोळीचं नुकसान दोन वाटांनी येतं. एक वाट थेट: गोळी विरघळते तिथं अस्तराला लागते. दुसरी वाट रक्तातून: गोळी आतड्यात शोषली जाते, रक्तात मिसळते आणि फिरून जठराच्या भिंतीत आतल्या बाजूनं पोचते. मोठे अल्सर प्रामुख्यानं या दुसऱ्या वाटेनं होतात. म्हणूनच जठरात न विरघळणारं आवरण दिलेल्या अ‍ॅस्पिरिननंही अल्सर होतो, आणि तोंडावाटे न घेता इंजेक्शन किंवा गुदमार्गानं घेतलेलं वेदनाशामकही पोटाला त्रास देऊ शकतं.

आता बियांचा चिकट रस कुठं काम करेल ते आपोआप कळतं. पहिल्या वाटेवर तो थोडाफार आडवा येऊ शकतो. दुसऱ्या वाटेवर त्याचा काही उपयोग नाही.

पहिली पायरी : सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडा

घरात ज्या ज्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या पट्ट्या, सर्दीच्या, पाळीच्या, पाठदुखीच्या, ‘कधीतरी’ घेतो त्यासुद्धा, एका जागी ठेवा. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून द्या. त्याखाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचा आणि कागदावर उतरवा. मावशीच्या पट्ट्या मी अशा मांडल्या तेव्हा दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध निघालं: डायक्लोफेनॅक. एक गुडघ्यासाठी, दुसरी कंबरेसाठी, दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली. ती नकळत दुप्पट मात्रा घेत होती.

पॅरासिटामॉल या गटात येत नाही. नेहमीच्या मात्रेत ते जठराला फारसं लागत नाही. मात्र कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक एकत्र असतं, तेव्हा पुढचं नाव वाचून थांबू नका. हृदयासाठी रोज घ्यायची ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनही यादीत लिहा. मात्रा लहान असली तरी ती पोटाच्या हिशेबात धरायचीच. सोबत स्टेरॉइड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या असतील तर त्याही लिहा, कारण यांच्या जोडीनं रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, लोह, पोटॅशियम किंवा हाडांसाठीचं अ‍ॅलेन्ड्रोनेट या गोळ्यांचा त्रास वेगळ्या जातीचा असतो. त्या अन्ननलिकेत अडकून जागेवर भाजतात. त्या पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायच्या आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

एक इशारा पुड्यांबद्दल. ‘संपूर्ण वनस्पतीजन्य’ म्हणून विकली जाणारी सांधेदुखीची पूड दोन दिवसांत जादू केल्यासारखं दुखणं थांबवत असेल तर संशय घ्या. अशा पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं अनेक देशांत नोंदली गेली आहेत.

दुसरी पायरी : आपला धोका ओळखा आणि डॉक्टरांशी बोला

वय साठीच्या पुढे, पूर्वी कधी अल्सर किंवा पोटातून रक्तस्राव, मात्रा मोठी, दोन वेदनाशामकं एकत्र, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी, आणि जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. यातली एकही गोष्ट लागू पडत असेल तर बियांकडे वळण्याआधी डॉक्टरांना भेटा. वेदनाशामक नियमित घेणाऱ्यांची एंडोस्कोपी केली तर साधारण १५ ते ३० टक्क्यांत अल्सर दिसतो. बहुतेकांना त्याची कल्पनाही नसते, कारण जी गोळी गुडघा दुखू देत नाही ती पोटातली कळही दाबते.

भेटीत हे विचारा. हीच गोळी लागते का, की पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचा मलम पुरेल? मात्रा कमी करता येईल का, दिवस कमी करता येतील का? आम्ल कमी करणारी गोळी, म्हणजे ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलसारखी, सोबत हवी का? गोळीच्या अल्सरपासून बचाव करतात म्हणून ज्यांच्याबद्दल माणसांवरचा भक्कम पुरावा आहे त्यांत ही औषधं सर्वांत पुढे आहेत. मिसोप्रोस्टॉल हेही त्यातलंच. ते हरवलेल्या प्रोस्टाग्लॅन्डिनची जागा भरून काढतं, पण त्यानं जुलाब होतात आणि गर्भवतीनं ते घेणं धोक्याचं आहे. क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या टाळणारं औषध चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण ओमेप्राझोलमुळे त्याचा परिणाम घटू शकतो आणि मग डॉक्टर दुसरी गोळी निवडतात.

हेलिकोबॅक्टरची तपासणी श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीनं होते. दीर्घकाळ वेदनाशामक सुरू करण्याआधी ती करून घेणं शहाणपणाचं, निदान ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे त्यांनी तरी. चाचणीआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी आणि चार आठवडे प्रतिजैविकं बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असूनही सापडत नाही. गोळी किती दिवस थांबवणं सुरक्षित आहे हे मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन पोट दुखतंय म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती अचानक थांबवणं काही जणांच्या जिवावर बेतू शकतं.

तिसरी पायरी : बी निवडा

बिया दोन जातींच्या आहेत. काही भिजल्या की चिकट रस सोडतात: जवस, मेथी, इसबगोल, सब्जा. काहींत सुगंधी तेल असतं: बडीशेप, धने, जिरे, कलौंजी. आग, जळजळ, गोळी घेतल्यावर होणारी खवखव यांवर पहिली जात कामाची. फुगारा, ढेकर, पोट जड होणं यांवर दुसरी. ज्याचं पोट जळतं त्यानं बडीशेप चावत बसण्यात अर्थ नाही, आणि ज्याचं फुगतं त्यानं इसबगोल घेतलं तर ते आणखीच फुगण्याचा संभव.

माझी पसंती विचाराल तर जवस. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीनं पोटाच्या सौम्य तक्रारींवर जवसाचा चिकट काढा परंपरागत वापर म्हणून मान्य केला आहे, आणि त्यात चूक होण्याच्या जागा कमी आहेत. मेथी त्याखालोखाल: तिच्यात गॅलॅक्टोमॅनन हा चिकट तंतू भरपूर असतो, आणि वारंवार जळजळ होणाऱ्यांवर केलेल्या एका छोट्या चाचणीत जेवणाआधी मेथीचा तंतू घेतल्यावर आराम मिळाल्याचं दिसलं. ती चाचणी जळजळीची होती. गोळीच्या अल्सरची नव्हती.

कलौंजीबद्दल फार बोललं जातं. तिच्यातल्या थायमोक्विनोन या घटकानं उंदरांमध्ये अल्सर कमी झाल्याचे बरेच प्रयोग आहेत. हे प्रयोग कसे होतात ते कळलं की अपेक्षा आपोआप जमिनीवर येतात. उंदराला आधी बीचा अर्क पाजतात. मग मद्यार्क किंवा इंडोमेथॅसिनचा एक मोठा डोस देतात आणि काही तासांनी जठर उघडून जखमा मोजतात. एक दिवसाचा हिशेब. माणूस मात्र गोळी महिनोन् महिने घेतो. मात्रेचंही बघा: उंदराला किलोमागे ५०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर शरीराच्या आकाराचा रूढ हिशेब लावून ६० किलोच्या माणसाला तो जवळपास ५ ग्रॅम होतो. पाच ग्रॅम अर्क. तो काढायला बी त्याच्या कित्येक पट लागतं. चिमूटभर कलौंजी तिथपर्यंत पोचत नाही. आणि मूठभर खाणं सुरक्षित नाही, कारण ती रक्तदाब आणि साखर उतरवू शकते व रक्त गोठण्यावरही परिणाम करू शकते. शिवाय नावाचा घोटाळा: कलौंजीला काळं जिरं म्हणतात, कांद्याचं बी म्हणतात. ती कांद्याची नाही, आणि काळं जिरं या नावानं दुसरंही बी विकलं जातं. वेदनाशामक घेणाऱ्यानं कलौंजी स्वयंपाकापुरती ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी : जवसाचा रस काढणं

अख्खे जवस घ्या, दळलेले नकोत. चिकट पदार्थ दाण्याच्या सालीतच असतो. दळलं की तेल सुटतं, रस गढूळ होतो आणि पूड लवकर खवट होते. एक मोठा चमचा, साधारण १० ग्रॅम, चाळून, निवडून, एकदा झटपट धुवा. जास्त वेळ धुतलं तर जो पदार्थ हवा तोच पाण्याबरोबर जातो. पाव लिटर कोमट पाण्यात टाका आणि २० ते ३० मिनिटं ठेवा. मधे दोनतीनदा ढवळा. पहिल्या पाच मिनिटांत काही घडल्यासारखं वाटत नाही. मग दाणे बोटाला निसटायला लागतात, प्रत्येकाभोवती काचेसारखा पातळ थर दिसतो, आणि चमचा वर उचलला की त्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबते. तार तुटण्याआधी वीतभर लांबली की रस तयार.

गाळायचं ते कोमट असतानाच. गार झालं की रस आणखी दाटतो, गाळणीच्या जाळीत अडकतो आणि चमच्यानं कितीही दाबलं तरी खाली उतरत नाही. मोठ्या भोकांची गाळणी घ्या, फडकं नको. चव जवळपास नसतेच, थोडी मातकट असते. त्यात लिंबू पिळू नका, मीठ नको, गूळ-साखर नको. पोट जळत असताना यातलं काही मदत करत नाही.

तो घोट घोट प्या, एका दमात नको. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. रोज ताजा करा. उरला तर थंड जागी झाकून त्याच दिवशी संपवा. वास बदललेला रस टाकून द्या.

मेथीचं करायचं असेल तर एक लहान चमचा दाणे पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी गाळून पाणी घ्या. घामाला, लघवीला गोडसर वास येऊ लागला तर घाबरू नका, तो मेथीचाच. बडीशेपेसाठी दीडदोन ग्रॅम दाणे किंचित ठेचून उकळतं पाणी ओता, १५ मिनिटं झाकून ठेवा, गाळा. इसबगोल मी या कामासाठी सुचवत नाही. ते बद्धकोष्ठाचं औषध म्हणून उत्तम आहे, तिथंच राहू द्या.

पाचवी पायरी : घड्याळ लावा

हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते. चिकट रस गोळीलाही गुरफटतो आणि तिचं शोषण लांबवतो किंवा कमी करतो. गोळी आणि रस एकाच वेळी घेतले तर दुखणं थांबत नाही, माणूस दुसरी गोळी घेतो, आणि ज्या पोटाला वाचवायला निघालो त्याच्यावर दुप्पट भार पडतो.

दिवसाची मांडणी अशी करता येईल. सकाळी ७ वाजता डॉक्टरांनी दिली असेल तर आम्ल कमी करणारी गोळी, साध्या पाण्याबरोबर. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतली तरच नीट काम करते. जळजळ झाल्यावर घ्यायची ती गोळी नव्हे. पावणेआठला नाश्ता. त्यानंतर लगेच वेदनाशामक, पेलाभर पाण्यानं. साडेदहाच्या सुमारास जवसाचा रस. संध्याकाळची गोळी जेवणानंतर, आणि झोपण्याआधी, गोळीला दोन तास होऊन गेल्यावर, पुन्हा रस. गोळी जेवणानंतर घेतल्यानं मळमळ कमी होते, पण अल्सर त्यानं टळतो असं समजू नका. थायरॉइडची गोळी घेत असाल तर तिच्यात आणि रसात चार तासांचं अंतर ठेवा.

कोणी घेऊ नये

गिळायला त्रास होतो, अन्ननलिका अरुंद झाली आहे किंवा आतड्यात कधी अडथळा झाला आहे, अशांनी फुगणाऱ्या बिया घेऊ नयेत. कोरडा सब्जा किंवा इसबगोल तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिण्याची सवय तर कुणालाच नको. ते घशात फुगून श्वास अडकू शकतो. मधुमेहाचं औषध चालू असेल तर मेथीनं साखर जास्त उतरू शकते, तेव्हा पहिले काही दिवस साखर तपासत राहा. वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी मेथी औषधाच्या मात्रेत घेऊ नये, आणि गर्भवतींनीही. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असेल तर मेथीनंही ती उठू शकते.

सहावी पायरी : नजर ठेवा

आराम वाटतो म्हणजे पोट ठीक आहे, असं धरू नका; मावशीलाही आरामच वाटत होता. वेदनाशामक चालू असेपर्यंत रोज शौचाचा रंग पाहायची सवय लावा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. काळं, चकचकीत, चिकट आणि उग्र वासाचं झालं तर ते जठरातून आलेलं, पचलेलं रक्त असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथ या पोटावरच्या औषधानंही शौच काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकट नसतं. शंका आली तर स्वतः निवाडा करत बसू नका. ओकारीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, पोटात एकाएकी सुरी खुपसल्यासारखी कळ: यातलं काहीही झालं तर वेदनाशामक थांबवून थेट रुग्णालय गाठा, आणि वाटेत रस, काढा, काहीही पाजू नका. एंडोस्कोपीला पोट रिकामं लागतं. जिना चढताना नव्यानं लागणारी धाप, फिकटलेला चेहरा, विनाकारण थकवा ही झिरपणाऱ्या रक्ताची संथ लक्षणं. त्यासाठी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

गोळ्या बंद झाल्यावर

अल्सर निघाला असेल तर आम्ल कमी करणारी गोळी बहुधा आठ आठवड्यांपर्यंत चालते, आणि जठरातला अल्सर भरला की नाही हे पाहायला डॉक्टर पुन्हा एंडोस्कोपी सुचवू शकतात. ती टाळू नका. खरी पंचाईत नंतर होते. काही आठवडे दाबून ठेवलेलं आम्ल गोळी थांबल्यावर उसळी घेतं. अल्सर नसलेल्या माणसालाही काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, करपट ढेकर आणि जळजळ होते. पुष्कळ जण याला जुना आजार समजून गोळी पुन्हा सुरू करतात आणि वर्षानुवर्षं घेत राहतात. इथं जवसाचा रस मनापासून सुचवतो. डॉक्टरांना विचारून गोळी हळूहळू कमी करा, आधी दिवसाआड, आणि ज्या दिवशी गोळी नाही त्या दिवशी रस सकाळी आणि झोपताना घ्या. मावशीनं असंच केलं. आम्ल कमी करणारी गोळी सुटायला तिला पाच आठवडे लागले. डायक्लोफेनॅकच्या दोन्ही पट्ट्या घरातून केव्हाच गेल्या होत्या. गुडघ्याला आता मलम, व्यायाम आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल.